मोझेलच्या काठाने, घर घेऊन

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. झोपायला बेड, स्वयंपाकाला गॅस, पाण्याची टाकी, सगळं आत. जर्मनीतलं मोझेल नदीचं खोरं बघायला याहून सोयीचं वाहन नाही. ट्रिअर ते कोब्लेन्झ सरळ रेषेत १०० किमीसुद्धा नाही. पण नदी इतकी वळणं घेते की अंतर जवळजवळ दुप्पट होतं. काठावरच्या अनेक गावांत मोटरहोम लावायला खास जागा असते.

मान वर केली की प्रश्न पडतो, एवढ्या उभ्या चढावर द्राक्षं कशाला? ब्रेम गावाजवळच्या काल्मोंटचा उतार तर ६५ अंशांपर्यंत जातो! उत्तर साध्या त्रिकोणमितीत आहे. हा भाग ५० उत्तर अक्षांशाजवळ. त्यामुळे २३ सप्टेंबरच्या सुमारास, द्राक्षं पिकत असताना, भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४० अंशच वर असतो. सपाट जमिनीला मिळतं साइन ४०, म्हणजे ६४ टक्के ऊन. दक्षिणेकडे ५० अंश कललेल्या उतारावर मात्र किरण काटकोनात पडतात: पूर्ण १०० टक्के! शिवाय तिथला पाटीचा दगड दिवसा तापतो आणि रात्री ऊब देतो. म्हणूनच एवढ्या उत्तरेला रीसलिंग द्राक्ष पिकतं.

पण तिथे साधा ट्रॅक्टर चढत नाही. बरीच कामं हातानं, त्यात मजुरी महाग. त्यामुळे कित्येक उतार ओस पडलेत. तेव्हा बाटली घ्यायचीच तर थेट शेतकऱ्याकडून घ्या. फक्त वजनाचा हिशेब ठेवा. बऱ्याच मोटरहोमची मर्यादा माणसं, पाणी, सामान धरून ३.५ टन, आणि सहा बाटल्यांचं खोकं सात-आठ किलोचं!

आणि हो, चव घ्यायची ती गाडी रात्रीपुरती लावल्यावरच.