माशांच्या उवा : उपाय एकदा करून भागत नाही



शेततळ्यातले रोहू, कटला बांधाला अंग घासू लागले, उगाच उड्या मारू लागले, खाद्य टाकले तरी वर येईनासे झाले, तर जाळे टाकून चार-पाच मासे हातात घेऊन पाहा. खवल्यांवर किंवा परांच्या मुळाशी चपटे, गोलसर, सरकणारे किडे दिसले की समजा, माशांना उवा झाल्या. शास्त्रज्ञ तिला 'अर्गुलस' म्हणतात. ही ऊ सुईसारखी सोंड खुपसून रक्त शोषते. तिथे लाल जखम होते, जखमेत बुरशी शिरते आणि मासा खंगतो.

आता खरी मेख ऐका. अंडी घालायला मादी माशाला सोडते आणि दगड, लाकूड, पाणवनस्पती यांवर अंडी चिकटवते. उन्हाळ्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत त्यांतून पिल्ले निघतात. माशावरच्या उवा मेल्या तरी अंडी शाबूत राहतात. म्हणून एकदाच उपाय करून थांबलात, तर महिन्याभरात पुन्हा तेच!

काय करावे?

१. तळ्यात ठिकठिकाणी बांबूच्या कामट्या किंवा फळ्या सोडा. उवा त्यांवर अंडी घालतील. दर आठवड्याला त्या काढून कडक उन्हात दोन दिवस वाळवा. तोवर दुसऱ्या फळ्या सोडा.

२. मासे थोडे असतील तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दोन-तीन मिनिटे धरा. मासा कलंडू लागला की लगेच चांगल्या पाण्यात सोडा. उरलेल्या उवा चिमट्याने काढा. मिठाचे पाणी तळ्यापासून लांब ओता.

३. औषध मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांना विचारूनच वापरा. दुसरी मात्रा केव्हा द्यायची तेही विचारून घ्या. कपाशीवर फवारायचे औषध तळ्यात ओतू नका. मासे दगावतील, जगले तरी खाण्याजोगे राहणार नाहीत, आणि तेच पाणी गुरेही पितात.

४. मासे काढल्यावर तळे रिकामे करून तळ व प्लॅस्टिकचा कागद घासून उन्हात वाळवा. जाळीही वाळवा.

मुलांनी हौसेने पाळलेले गोल्डफिश टाकीत जड झाले म्हणून शेततळ्यात सोडू नका. तेही रोहूच्याच भाऊबंदकीतले. त्यांच्या अंगावरून उवा येतात. नवे बीज आणाल तेव्हाही आधी नीट पारखा, मगच सोडा.