निबंधाची पारख

नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८४२ साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना करणारा एक निबंध लिहिला. आणि त्या तुलनेत इंग्रजी अंमल उणा ठरलेला पाहून महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी, जे सरकार आपणांस शिकविते त्याचीच निंदा करणे शोभत नाही अशी समज देऊन, त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने तहकूब केली, असे रानड्यांचे चरित्रकार सांगतात. ग्रँट हे काही सामान्य कुवतीचे गृहस्थ नव्हते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते मान्यवर संपादक होते आणि रानड्यांच्या बुद्धिमत्तेविषयी त्यांना आदरही होता. अशा विद्वानाने निबंधातील प्रमाणे, तर्क आणि मांडणी बाजूस ठेवून केवळ निष्कर्षावर निवाडा द्यावा, यावरून दुसऱ्याचा निबंध तपासणे हे किती निसरडे काम आहे याची कल्पना यावी.

तरीही मानव्यविद्यांच्या परीक्षेत निबंधावाचून गत्यंतर नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरातील प्रवेशासाठी झालेल्या सत्याग्रहाचेच उदाहरण घ्यावे. ‘सत्याग्रहाची माहिती लिहा’ असा प्रश्न घातला, तर २ मार्च १९३० ही तारीख, डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांचे परिश्रम एवढा मजकूर कोणत्याही मार्गदर्शिकेतून पाठ करून उतरविता येतो, आणि परीक्षकही प्रत्येक मुद्द्यावर खूण करीत निर्धास्तपणे गुण देतो. परंतु ‘हा सत्याग्रह अयशस्वी झाला असे म्हणता येईल काय?’ असे विचारले की विद्यार्थ्याला प्रथम यश कशाला म्हणावयाचे हे ठरवावे लागते. मंदिराची दारे त्या वर्षांत उघडली नाहीत, हे एका बाजूला. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून नव्हे, तर त्यांच्यात आत्मभान व चैतन्य यावे म्हणून आपण हा लढा आरंभिला, असे आंबेडकरांनी १९३४ मध्ये गायकवाडांस लिहिलेल्या पत्रात कळविले, हे दुसऱ्या बाजूला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची त्यांची येवल्याची धर्मांतराची घोषणा त्या अनुभवापासून किती दूर वा किती जवळ, हा तिसरा पेच. या तिन्हींचा मेळ घालून एक विद्यार्थी ‘अयशस्वी’ म्हणेल, दुसरा ‘यशस्वी’; दोघांनाही उत्तम गुण मिळू शकतात आणि दोघेही नापास होऊ शकतात. निष्कर्षापर्यंत जाण्याची वाट तपासणे हेच येथे परीक्षकाचे काम आहे, आणि तेच कठीण आहे.

किती कठीण, याचा पडताळा सर फिलिप हार्टोग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी १९३५ साली इंग्लंडात प्रसिद्ध केला. (हे हार्टोग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, १९२९ च्या शिक्षणविषयक अहवालामुळे आपल्याकडेही त्यांचे नाव परिचित आहे.) इतिहासाच्या, पूर्वी समान गुण मिळालेल्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी अनुभवी परीक्षकांकडून तपासवून घेतल्या, आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांना पुन्हा दिल्या, तेव्हा २१० निकालांपैकी ९२ बदलले. परीक्षक तेच, उत्तरेही तीच!

नाशिकमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली महाविद्यालय काढले तेव्हा परीक्षा मुंबई विद्यापीठाची होती. १९४९ नंतर ती पुण्याची झाली. विद्यापीठ बदलले तरी रिवाज राहिला: उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकाकडे जातात आणि विद्यार्थ्याच्या हाती येतो तो केवळ आकडा. फी भरून छायांकित प्रत मागविता येते खरी, परंतु ती बहुधा गुणांच्या तक्रारीपायी मागविली जाते, लेखन सुधारण्यासाठी क्वचितच. पुरवण्यांच्या जाडीवर गुण मिळतात ही विद्यार्थ्यांची जुनी श्रद्धा अशाच अंधारात वाढते. नाशिकच्याच गोवर्धन परिसरातील मुक्त विद्यापीठासारख्या, १९८९ पासून दूरस्थ विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या संस्थेत तर लिखित गृहपाठावरचा शेरा हीच कित्येकदा शिक्षकाची भेट असते. तो शेरा ‘ठीक’ या एका शब्दाचा असला, तर ती भेट झालीच नाही असे समजावे.

उपाय कोणाला ठाऊक नाहीत असे नव्हे. प्रमाणांची निवड, प्रतिपक्षाची दखल, युक्तिवादाची सुसंगती आणि भाषा यांस किती वजन द्यावयाचे हे लेखनापूर्वीच वर्गात जाहीर करावे. नाव झाकून वाचावे. काही निबंध दुसऱ्या प्राध्यापकानेही तपासून गुणांची रुजुवात घालावी. आणि मुख्य म्हणजे शेऱ्यांसह निबंध परत देऊन तो पुन्हा लिहून घ्यावा. यंत्राकडून तयार निबंध मिळू लागल्यापासून तर पहिला खर्डा, दुसरा खर्डा आणि त्यावर दहा मिनिटांची तोंडी विचारपूस यांवाचून लेखक कोण हेच कळेनासे झाले आहे.

अडचण वेळेची आहे. वर्गात ८० विद्यार्थी धरले आणि प्रत्येक निबंधास पंधरा मिनिटे दिली, तरी एका फेरीस २० तास लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकाकडे आठवड्यास प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास सोपविले आहेत, आणि निबंधवाचन त्यांच्या बाहेर, रात्री घरी उरकावे लागते. ज्या प्राचार्यांना निबंध खरोखर वाचले जावेत असे वाटत असेल, त्यांनी येत्या सत्राच्या वेळापत्रकात त्यासाठी तासिका मांडाव्यात आणि त्या कार्यभारात धराव्यात.