भुईकाट्यावरचा जुना संगणक

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात लिलाव झाला की कांद्याचा ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतो. आधी भरल्या गाडीचं वजन, मग खळ्यावर माल ओतून आल्यावर मोकळ्या गाडीचं. दोन्हींची वजाबाकी झाली की काटापट्टी हातात पडते. ही वजाबाकी ज्या संगणकावर होते तो अनेकदा दहा-बारा वर्षांचा असतो. त्याच्या जाळीत कांद्याचे पापुद्रे अडकलेले असतात, कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली असतात, आणि पडद्यावर विंडोज १० असतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने या विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. तेव्हापासून अशा संगणकांच्या मालकांना एकच सल्ला ऐकू येतो: नवीन घ्या.

हा सल्ला अनेकदा घाईचा असतो. जुन्या संगणकाचा जो भाग खरोखर थकलेला असतो तो सहज बदलता येतो, आणि जो बदलता येत नाही तो बहुधा धडधाकट असतो. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज मांडला होता की विंडोज १० संपल्यामुळे जगातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. त्यातले किती खरोखर निकामी असतील, हा प्रश्न आपल्या गावातल्या प्रत्येक दुकानदाराने स्वतःच्या टेबलाकडे बघून विचारावा असा आहे.

देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडला असं नव्हे. विंडोजमध्ये कोट्यवधी ओळींचा प्रोग्राम असतो आणि त्यात चुका सापडतच राहतात. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट त्या बुजवणारी दुरुस्ती पाठवतं. विंडोज ११ चा बराचसा गाभा विंडोज १० चाच आहे. म्हणून ११ साठी दुरुस्ती निघाली की हल्लेखोर आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते शोधतात. जी चूक नव्यात बुजवली ती जुन्यात तशीच उघडी असते, आणि तिचा पत्ता आता दुरुस्तीनेच सांगितलेला असतो. त्यामुळे देखभाल संपलेला संगणक दर महिन्याला थोडा अधिक उघडा पडत जातो.

याची झळ कांद्याच्या वाटेवर एकदा बसलेली आहे. पिंपळगाव ज्या निफाड तालुक्यात आहे तिथला निर्यातीचा कांदा आणि द्राक्षं कंटेनरमधून न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात जातात. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचं घातक सॉफ्टवेअर जगभर पसरलं. सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून ते मर्स्क या जहाज कंपनीत शिरलं, आणि मर्स्क समूहाकडून चालवलं जाणारं न्हावा-शेव्याचं एक टर्मिनल विस्कळीत झालं. पसरण्यासाठी त्याने विंडोजमधली जी फट वापरली तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ती न बसवलेल्या संगणकांवर ते त्या फटीतून पसरलं, तिथल्या मेमरीतले पासवर्ड चोरले, आणि दुरुस्त केलेल्या संगणकांवरही गेलं. मर्स्कला ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. सगळ्या जाळ्याची मुख्य नोंदवही कुठेच शिल्लक दिसत नव्हती; ती सापडली घानामधल्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. भारनियमनाने कुणाची अब्रू वाचल्याचं मला तरी हे एकच उदाहरण माहीत आहे.

म्हणून पहिला विचार करायचा तो संगणक करतो काय याचा. भुईकाट्यावरचा संगणक फक्त वजन घेऊन पट्टी छापत असेल, तर त्याला इंटरनेटची गरज नाही. जाळ्याची वायर काढा, वायफाय बंद करा, पेनड्राइव्ह लावण्यावर कडक बंधन घाला. असा संगणक विंडोज १० वर आणखी काही वर्षं निर्धास्त चालू शकेल. बँक, जीएसटी आणि ईमेल ज्याच्यावर चालतं त्या संगणकाला मात्र ही सवलत नाही.

मायक्रोसॉफ्टने मुदतवाढीची सोय ठेवली आहे. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते: मायक्रोसॉफ्ट खात्यावर आपली सेटिंग्ज साठवू दिली तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. व्यावसायिक संगणकाला पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. ही तात्पुरती छत्री आहे, पण हंगाम पार पाडायला पुरेशी आहे.

मग विंडोज ११ का चढत नाही? त्याला टीपीएम २.० लागतं. ही मदरबोर्डवरची छोटी चिप, किंवा प्रोसेसरच्या आतलाच एक सुरक्षित कोपरा. डिस्क कुलूपबंद करणारी किल्ली तिच्यात राहते. संगणक सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा गणिती ठसा घेऊन चिपकडे नोंदवतो. मधे कुणी एक अक्षरही बदललं तर ठसा बदलतो आणि चिप किल्ली सोडत नाही. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधली माहिती वाचवणारी ही उत्तम योजना आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रोसेसरच्या यादीबद्दल. इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर चालतात, सातव्या पिढीचे जवळपास सगळे नाकारले जातात. सातवी पिढी टेबलावरच्या संगणकांत जानेवारी २०१७ मध्ये आली. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. म्हणजे जेमतेम पावणेपाच वर्षांचा प्रोसेसर, ज्यात टीपीएम २.० ची सोय बहुधा असतेच, तोही बाहेर. रेष ओढताना कंपनीने हात फार आखडता घेतला.

आता ‘संगणक स्लो झालाय’ या तक्रारीकडे येऊ. दोष दिला जातो प्रोसेसरला, पण गुन्हेगार असते ती फिरती हार्ड डिस्क. ती मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० वेळा. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एका वाचनाला १२-१३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला होतात जेमतेम ७५-८० वाचनं. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल डिस्कभर विखुरलेल्या असतात, त्यात अँटिव्हायरस आणि टॅली आपापल्या फाइल मागत असतात. प्रोसेसर बिचारा हात जोडून वाट बघत बसतो. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं. सिलिकॉनच्या सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार म्हणजे माहिती. कुठलाही कप्पा वाचायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा, कधी त्याहून कमी. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीच्या संगणकात साधी साटा एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकली की चहा संपेपर्यंत सुरू न होणारा संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत उभा राहतो.

दोन गोष्टी मात्र दुकानात सांगत नाहीत. हार्ड डिस्क मरण्याआधी बहुधा कुरकुरते, खडखडते. एसएसडी एका सकाळी दिसेनाशी होते, आणि तिच्यातून माहिती परत काढणं कठीण. शिवाय कुठली माहिती कुठल्या कप्प्यात आहे याचा नकाशा ती सतत बदलत असते. स्वस्त एसएसडीत तो नकाशा लिहिताना वीज गेली तर तो बिघडू शकतो. आपल्याकडे वीज कशी जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे एसएसडी घेणार असाल तर यूपीएसची बॅटरी आधी तपासा. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढलेले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटर मेमरी चिप घाऊक उचलत आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशिअल हा ब्रँड बंद करण्याचं जाहीर केलं. पण नव्या संगणकाच्या किमतीतही हीच मेमरी असते, म्हणून जुना दुरुस्त करण्याचं गणित त्याने उलट अधिकच पटतं.

निफाडची हवा संगणकाची परीक्षा घेणारी आहे. थंडीत राज्याच्या नकाशावर नीचांकी तापमानासाठी याच तालुक्याचं नाव येतं, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली चाळिशीच्या पुढची धग असते. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. त्याची उष्णता हीट सिंकमधून हवेत जाते, आणि किती जाते ते सिंक आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. हवाच तापलेली, त्यात पात्यांमध्ये पापुद्रे आणि धूळ; मग एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांद्याच्या ऐन गर्दीत संगणक ‘हँग’ होतो. प्रोसेसर आणि सिंक यांच्या मधली थर्मल पेस्टही गरम-गार होऊन वाळते. वर्षातून एकदा ब्लोअर मारावा, पेस्ट बदलावी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर तो गरगर फिरून बेअरिंग खराब होते.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेलही त्याच वेळी बदला. तो संपला की संगणक बंद झाल्यावर तारीख मागे जाते. तारीख चुकली की बँकेचं, जीएसटीचं संकेतस्थळ उघडत नाही, कारण सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संगणक स्वतःच्या घड्याळावर ताडून पाहतो. मग नेट खराब आहे, विंडोज गेलं आहे असं समजून फॉरमॅट मारला जातो. दुखणं असतं नाण्याएवढ्या सेलचं.

काटा आणि संगणक यांना जोडणारी नऊ पिनांची केबल हा आणखी एक पेच. आरएस-२३२ हा तिचा मानदंड १९६० सालचा. काटा सेकंदाला साधारण ९६०० बिटांच्या वेगाने वजनाचे आकडे साध्या अक्षरांत पाठवतो. नव्या संगणकांत हे पोर्ट बहुधा नसतं, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर लावावा लागतो. प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपचे आणि त्यांच्या नकलांचे कन्व्हर्टर विंडोज ११ च्या ड्रायव्हरवर चालत नाहीत. नवीन संगणक आणूनही काटा बोलत नाही, तो यामुळे. जुन्या संगणकातलं मूळ पोर्ट अशा वेळी सोन्यासारखं वाटतं.

नेटसाठी आणि पत्रव्यवहारासाठी वापरला जाणारा संगणक विंडोजऐवजी लिनक्सवर नेणं मला सगळ्यांत योग्य वाटतं. लिनक्स मिंटला कागदोपत्री २ जीबी रॅम पुरते, ४ असली तर बरं. टीपीएमची अट नाही, पैसे नाहीत, दुरुस्त्या वेळेवर येतात. लिब्रेऑफिस मराठीत वापरता येतं. पण टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे, त्यामुळे हिशोबाचा संगणक ओढूनताणून लिनक्सवर नेऊ नये. तिथे मुदतवाढ घ्यावी किंवा खर्च नव्या संगणकावर करावा.

लिनक्सवर जाताना मराठी माणसाला खरी अडचण येते ती जुन्या फाइलींची. युनिकोड रुळण्याआधी बहुतेक मराठी मजकूर असा टंकला गेला की रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवलेले असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे क्रमांकच असतात. तो विशिष्ट फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हं दिसतात. पुण्याच्या सी-डॅकने याच काळात इस्की ही वेगळी संकेतप्रणाली रुजवली. ती १९९१ मध्ये भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता तिच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. त्या पायावर आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो.

सोसायटीचे जुने ठराव, सभासदांच्या याद्या, खरेदीची पत्रं अशा फॉन्टमध्ये असतील तर त्यांचं युनिकोड रूपांतर विंडोज १० काढण्याआधी करून घ्या, कारण काही फॉन्ट पॅकेजं हार्डवेअर लॉक लावल्याशिवाय उघडत नाहीत आणि तो लॉक नव्या संगणकाला ओळखेलच असं नाही. रूपांतर करणारी साधनं मुख्यतः दोन ठिकाणी घसरतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उच्चाराप्रमाणे असतो. त्यामुळे ‘पिंपळगाव’, ‘निफाड’, ‘मार्केट’, ‘कार्यकारी’ हे शब्द रूपांतरित फाइलमध्ये शोधून पाहा. ते बरोबर उमटले तर उरलेला मजकूरही बहुधा नीट आलेला असतो. तरी मूळ फाइल आणि तिची छापील प्रत दोन्ही जपून ठेवा.