लहान इंजिनाच्या ब्लॉकचा बोअर वाढविण्याची मर्यादा : प्रीमियर पद्मिनीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

खालापूर तालुक्यातून पुण्याकडे जाणाऱ्या वाहनास बोरघाट चढावाच लागतो. लहान इंजिनाच्या जुन्या मोटारीची शक्ती या चढावर अपुरी पडू लागली की मालकाच्या मनात एक प्रश्न हटकून येतो. ब्लॉक तोच ठेवून सिलिंडरचा व्यास, म्हणजेच बोअर, वाढविला तर इंजिन मोठे होणार नाही काय? यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थीही प्रकल्पाचा विषय निवडताना हाच प्रश्न विचारतात. या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रात तयार झालेल्या एका इंजिनाच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एकच गाडी, दोन इंजिने

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी ही मोटार तयार होऊ लागली. हीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर ६८ मि.मी., स्ट्रोक ७५ मि.मी. आणि क्षमता १०८९ घन सें.मी. होती. इटलीत मात्र ११०० डी हे नाव धारण करणाऱ्या गाडीत १२२१ घन सें.मी.चे इंजिन बसविले जात असे. त्याचा स्ट्रोक ७५ मि.मी. हाच होता, बोअर मात्र ७२ मि.मी. होता. म्हणजे दोहोंतील फरक केवळ ४ मि.मी. व्यासाचा होता. मग पद्मिनीचा ब्लॉक ७२ मि.मी.पर्यंत कापता येईल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह साहजिकच होतो.

क्षमतेचे आणि ताणाचे गणित

इंजिनाची क्षमता बोअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ६८ चा बोअर ७२ केल्यास क्षमता सुमारे १२ टक्क्यांनी, म्हणजे १३२ घन सें.मी.ने वाढते. हा झाला लाभ. आता त्याची किंमत पाहू.

ही किंमत समजून घेण्यास भिवपुरीच्या वाचकाला दूर जावे लागत नाही. येथील जलविद्युत केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटमाथ्यावरून पोलादी नळांतून या केंद्रात उतरते. खाली येताना पाण्याचा दाब वाढत जातो, म्हणून अशा नळांची भिंत खालच्या भागात अधिक जाड ठेवावी लागते. नळाच्या भिंतीवरील ताण हा दाब आणि व्यास यांच्या गुणाकारास भिंतीच्या दुप्पट जाडीने भागले असता मिळतो. इंजिनाचा सिलिंडर हाही एक नळच आहे. फरक इतकाच की त्यातील दाब जळणाऱ्या वायूचा असतो.

उदाहरणादाखल सिलिंडरच्या भिंतीची जाडी ६ मि.मी. मानू. बोअर ४ मि.मी.ने वाढविला की भिंत सर्व बाजूंनी २ मि.मी.ने झिजविली जाते आणि ४ मि.मी. उरते. व्यास वाढला आणि जाडी घटली, अशा दोन्ही कारणांनी ताण सुमारे ५९ टक्क्यांनी वाढतो. बारा टक्के क्षमतेसाठी हा सौदा महाग आहे. याउलट १ मि.मी. वाढीने ताण सुमारे ११ टक्के आणि क्षमता ३ टक्के वाढते. झिजलेले सिलिंडर दुरुस्त करताना बहुधा पाव-पाव मि.मी.च्या पायऱ्यांनी कापून ओव्हरसाइज पिस्टन बसविण्याची प्रथा आहे, तिचे मर्म येथे आहे. ती दुरुस्ती होय, शक्तिवृद्धी नव्हे.

शिवाय बिडाच्या ओतकामात साच्यातील गाभा किंचित सरकला तर एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा पातळ होते. बाहेरून ते दिसत नाही. म्हणून कापण्यापूर्वी अल्ट्रासोनिक मापकाने प्रत्येक सिलिंडरची जाडी अनेक ठिकाणी मोजणे अनिवार्य आहे. निर्माता मोठ्या बोअरसाठी साच्यातच जागा राखू शकतो. ७२ मि.मी.चे इंजिन अस्तित्वात होते, एवढ्यावरून आपल्या हातातील ब्लॉकमध्ये तितके लोखंड आहे असे सिद्ध होत नाही.

लायनर बसवून मार्ग काढता येईल, हा समजही तपासून पाहावा. लायनरची स्वतःची जाडी असल्याने त्यासाठी मूळ ब्लॉक ७२ मि.मी.हूनही अधिक कापावा लागेल. लायनरचा खरा उपयोग बोअर पुन्हा मूळ मापावर आणण्यासाठी आहे.

अनुषंगिक परिणाम

ज्वलनकक्ष तोच राहिल्यास संपीडन गुणोत्तर वाढते. ते मूळचे ८ मानल्यास ७२ मि.मी. बोअरला सुमारे ८.८५ होते आणि नॉकिंगचा संभव वाढतो. जुने हेड गॅस्केट सिलिंडरच्या आत डोकावून जळते. शेजारच्या सिलिंडरांमधील अंतर ४ मि.मी.ने कमी झाल्याने तेथे गॅस्केटला टेकण्यास जागा कमी उरते. कार्ब्युरेटरचे जेट नव्याने जुळवावे लागतात. पातळ भिंत तापल्यावर गोलाई सोडते, रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन तेल पिऊ लागते. ज्या घाटासाठी हा खटाटोप केला, तेथेच इंजिन प्रथम दगा देते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. इंजिनाची क्षमता नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असते. निर्मात्याने मुळात निश्चित केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ प्रतिबंध करते.

निष्कर्ष

लहान ब्लॉकचा बोअर वाढविता येतो, पण जेवढी धातू मोजून सिद्ध झाली असेल तेवढाच. पद्मिनीच्या बाबतीत हा विवेक अधिकच आवश्यक आहे. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, आणि नवे ब्लॉक तयार होणे त्याच्या कितीतरी आधी थांबले होते. जपून ठेवलेल्या गाड्यांच्या दृष्टीने सिलिंडरची उरलेली जाडी ही पुढील दुरुस्त्यांची शिल्लक आहे. पाव मि.मी. कापणारा एक दुरुस्ती खर्च करतो, ४ मि.मी. कापणारा सर्व शिल्लक एकदाच उधळतो, आणि कापलेले लोखंड परत लावता येत नाही.