पारडं पुन्हा उत्तरेकडे

२० जानेवारी २०२६, मंगळवार. सकाळी सहाच्या सुमारास सामना सुरू झाला तेव्हा पुण्यात अंधार होता. शेवटचा क्वार्टर आला तोवर उन्हं खिडकीत आली होती आणि चहा दोनदा झाला होता. तिकडे मायामीत सोमवारची रात्र होती. अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना, इंडियाना विरुद्ध मायामी. इंडियानाकडे १७-१४ अशी तीनच गुणांची आघाडी. गोलरेषा १२ यार्डांवर, आणि चार प्रयत्नांपैकी शेवटचा उरलेला. किक मारून तीन गुण पदरात पाडून घेणं शहाणपणाचं होतं. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी तो विचार बाजूला ठेवला. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा चेंडू कुणाकडे न फेकता स्वतःच घुसला, धडका खात वळला आणि आडवा झेपावत रेषेपलीकडे पडला. इंडियानाने सामना २७-२१ असा जिंकला. हंगामातले सोळाच्या सोळा सामने जिंकून हे विद्यापीठ पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेतं झालं.

माझे डोळे भरून आले. या शतकाच्या सुरुवातीला दोन वर्षं मी ब्लूमिंग्टनला, म्हणजे इंडियाना विद्यापीठाच्या गावी, शिकायला होतो. शरद ऋतूतल्या शनिवारी स्टेडियमबाहेरच्या गवतावर लोक गाड्यांच्या डिक्क्या उघडून शेगड्या पेटवायचे. मक्याची कणसं, सॉसेज, थंडीत बोटं शेकायला कॉफीचे पेले. सामना सुरू झाला की निम्मे आत जायचे, आणि मध्यंतराला बाहेर आलेल्यांतले बरेचसे पुन्हा आत जायचेच नाहीत. आतली बाकं उघडी पडलेली असायची. ते गाव बास्केटबॉलचं होतं. फुटबॉलचा विषय निघाला की जुनी माणसं १९७६ची गोष्ट सांगायची : बलाढ्य ओहायो स्टेटविरुद्ध इंडियानाने ७-६ अशी आघाडी घेतली, तेव्हा प्रशिक्षक ली कोर्सो यांनी खेळ थांबवून धावफलकासमोर संघाचा फोटो काढून घेतला. तो सामना इंडियाना ४७-७ असा हरला.

त्या गावाने सारा देश जिंकावा, हे एका चांगल्या प्रशिक्षकाचं आणि एका गुणी पोराचं काम आहे, यात शंका नाही. पण या विजयामागे शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब आहे.

अमेरिकी विद्यापीठं आपापसांत गट करून खेळतात. या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. मूळ कल्पना शेजाऱ्यांची : जवळपासची, साधारण सारख्या वकुबाची विद्यापीठं दरवर्षी एकमेकांशी खेळणार, गटाचा विजेता ठरणार आणि वैरं पिढ्यान्‌पिढ्या चालणार. बिग टेन हा गट १८९६ साली उत्तर-मध्य भागात उभा राहिला. साऊथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजेच एसईसी, १९३२ साली दक्षिणेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ची मुळं १९१५ मधली. कोणता गट वरचढ, हा वाद अमेरिकेतल्या सलूनपासून सिनेटपर्यंत चालतो. मी हा वाद पंचवीस वर्षं ऐकतोय, आणि माझं मत असं झालं आहे की हे पारडं मैदानावरच्या डावपेचांनी फारसं हललेलं नाही. मुलगा कुठे खेळू शकतो आणि पैसा कुणाच्या हाती जातो, या दोन गोष्टींचे नियम बदलले की ते हलतं.

पहिली सत्ता पूर्वेकडची होती : येल, प्रिन्स्टन, हार्वर्ड. पुढे आयव्ही लीगने खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असं ठरवलं आणि ती विद्यापीठं या शर्यतीतून आपल्या पायांनी बाहेर पडली. शिकागो विद्यापीठाने तर त्याही आधी पाठ फिरवली. हे बिग टेनचं संस्थापक सदस्य, आणि आज सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात त्या करंडकाला हाइजमन म्हणतात, तो १९३५ साली पहिल्यांदा जिंकणारा जे बरवँगर इथलाच. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ मध्ये विद्यापीठाचा फुटबॉल बंद केला. स्टॅग फील्ड ओस पडलं, आणि २ डिसेंबर १९४२ रोजी तिथल्याच प्रेक्षागाराखालच्या एका कोर्टात एन्रिको फर्मी यांच्या चमूने जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली.

मग बिग टेनचा काळ आला. त्यामागचं एक कारण अमेरिकेत आता उघडपणे बोललं जातं. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या संघांत कृष्णवर्णीय मुलांना जागा नव्हती, म्हणून ती उत्तरेला जात. १९६५ आणि १९६६ चा मिशिगन स्टेटचा संघ पाहा. बचावफळीतला अजस्र बब्बा स्मिथ आणि जीन वॉशिंग्टन टेक्ससचे, जॉर्ज वेब्स्टर साऊथ कॅरोलायनाचा, क्वार्टरबॅक जिमी रे नॉर्थ कॅरोलायनाचा. घरापासून शेकडो मैलांवर, बर्फात खेळणारी ही मुलं. १९६७ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा पहिल्या आठांत चार जण याच एका संघातले होते. मिशिगन स्टेटचं हे वैभव टेक्सस आणि कॅरोलायनाने स्वतःच्या हाताने दूर लोटलेलं होतं.

एसईसीच्या सामन्यात खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन. तारीख ३० सप्टेंबर १९६७. त्याचा खोलीतला सोबती ग्रेग पेज, तोही कृष्णवर्णीय आणि त्याच संघातला, सरावात झालेल्या दुखापतीने आदल्याच दिवशी वारला होता. मित्राला गमावून चोवीस तास होतात न होतात तोच नॉर्थिंग्टन मैदानात उतरला. या खेळाचे जे इतिहास मी वाचले, त्यांत या दिवसाला मिळते त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी होती.

१२ सप्टेंबर १९७० रोजी कॅलिफोर्नियाच्या यूएससी संघाने बर्मिंगहॅममध्ये येऊन अलाबामाला ४२-२१ असं हरवलं. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने १३५ यार्ड धाव घेतली. अलाबामाने शिष्यवृत्ती देऊन घेतलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विल्बर जॅक्सन तेव्हा प्रथम वर्षात होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे, म्हणून त्याने तो सामना बाहेर बसून पाहिला. त्या एका सामन्याने दक्षिण बदलली असं सांगतात, ते अर्धसत्य आहे. दार आधीच किलकिलं झालं होतं. पण पुढच्या वीस वर्षांत दक्षिणेतली मुलं घराजवळ राहू लागली आणि उत्तरेचा झरा आटत गेला.

दुसरं वळण न्यायालयात आलं. कुठल्या संघाचा सामना टीव्हीवर दाखवायचा, हे तोवर एनसीएए ही मध्यवर्ती संघटना ठरवायची. एका संघाला दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा दिसण्याची मुभा. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७-२ अशा निकालाने ही मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोराडोचे गाजलेले फुटबॉलपटू होते. हा खेळ विद्यापीठाच्या शिक्षणाचा भाग आहे, त्याला निव्वळ बाजाराची मोजपट्टी लावू नका, असा त्यांचा सूर होता. निकाल कायद्याला धरून होता, हे मला मान्य आहे. पण पुढे काय होणार, ते फुटबॉल खेळलेल्या या एका न्यायमूर्तीला नेमकं दिसलं होतं.

आता सामने विकायचा हक्क गटांच्या हाती आला, आणि गट मोठा तर किंमत मोठी. एसईसीने आर्कान्सा आणि साऊथ कॅरोलायना यांना घेऊन बारा संघ केले आणि १९९२ मध्ये गटाचा स्वतंत्र अंतिम सामना भरवला. अलाबामाने फ्लोरिडाला २८-२१ असं हरवलं. टेक्ससचा जुना साऊथवेस्ट गट १९९६ मध्ये संपला. आणि २००६ ते २०२२ या सतरा हंगामांत एसईसीने तेरा राष्ट्रीय विजेतेपदं नेली, त्यांतली पहिली सात सलग.

या काळात बिग टेन गरीब नव्हता. मिशिगनचं स्टेडियम एक लाख सात हजारांचं, आणि २००७ पासून गटाची स्वतःची टीव्ही वाहिनी. पण तो पैसा इमारतींत आणि प्रशिक्षकांच्या पगारात जात होता, खेळाडूला द्यायला बंदी होती. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने चोरून पैसे दिले म्हणून १९८७चा त्यांचा अख्खा हंगाम रद्द झाला होता. म्हणजे उत्तरेकडे पैसा होता, दक्षिणेकडे मुलं होती, आणि मधला पूल नियमाने बंद होता.

तो २०२१ मध्ये उघडला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध ९-० असा निकाल दिला. १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावता येऊ लागले. त्याच वर्षी, एक हंगाम बाहेर न बसता, एकदा विद्यापीठ बदलायची मुभाही मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस तडजोडीने विद्यापीठांना थेट पैसे द्यायची वाट मोकळी केली. पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर.

याचा पहिला फटका बसला तो साठ्याला. अलाबामाकडे किंवा जॉर्जियाकडे दुसऱ्या फळीत बसलेला मुलगा इतरत्र पहिल्या फळीत खेळला असता; पूर्वी तो वाट पाहत बसायचा, आता निघून जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये एसईसीच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून असलेल्या व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं. लोकांनी गोलपोस्ट उपटून खांद्यावर घेतला, नॅशव्हिलच्या रस्त्यांतून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत सोडला. २०२३ मध्ये मिशिगन, २०२४ मध्ये ओहायो स्टेट, २०२५ मध्ये इंडियाना : बिग टेनची तीन विजेतेपदं, तीन वेगळ्या घरांत. आणि या तिन्ही अंतिम सामन्यांत एसईसीचा एकही संघ नव्हता.

इंडियानाकडे पाहिलं की हे सगळं एका संघात दिसतं. २०२३ मध्ये त्यांनी बारापैकी नऊ सामने गमावले. सिग्नेटी जेम्स मॅडिसन या छोट्या विद्यापीठातून आले आणि तिथले बरेच खेळाडू सोबत घेऊन आले. मेंडोझा मूळ मायामीचा. बर्कलीला खेळत होता, एका उडीत ब्लूमिंग्टनला आला आणि त्याच हंगामात हाइजमनही जिंकला. ज्या ओहायो स्टेटला इंडियानाने १९८८ नंतर एकदाही हरवलं नव्हतं, त्यांना डिसेंबरमध्ये गटाच्या अंतिम सामन्यात १३-१० असं नमवलं. जुन्या नियमांत हे घडलंच नसतं. मुलांना त्यांच्या घामाचे पैसे आणि जागा बदलायचं स्वातंत्र्य मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. ते फार उशिरा मिळालं.

पण वरच्या मजल्यावर समता येत असताना खालचा जिना काढून घेतला गेला, तेही याच वर्षांत. २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी एसईसीत जायचं ठरवलं. पुढच्या वर्षी यूएससी आणि यूसीएलए बिग टेनकडे वळले, आणि त्याच सुमारास बिग टेनने तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी पॅक-१२मधून पाच विद्यापीठं बाहेर पडली. ‘बिग टेन’ नावाच्या गटात आज अठरा संघ आहेत, आणि लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी असा जवळपास चार हजार किलोमीटरचा प्रवास हा आता गटातला सामना आहे. स्टॅनफर्ड आणि बर्कली हे अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेले. विमानातून रात्री उशिरा परतणारी मुलं सोमवारी वर्गात बसतात. फुटबॉल आठवड्यातून एकदाच होतो. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनाही हाच प्रवास, आणि कितीतरी जास्त वेळा.

मागे दोघे उरले : वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. पहिलं पुलमनला, गव्हाच्या उतरत्या टेकड्यांमधल्या तीसेक हजार वस्तीच्या गावात. सामन्याच्या दिवशी सगळं गाव स्टेडियमात मावेल, एवढंच ते गाव. दुसरं कॉर्व्हॅलिसला. दोघांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. मोठ्या शहराची टीव्ही बाजारपेठ तेवढी त्यांच्यापाशी नव्हती. २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट आणि आणखी काहींना घेऊन या गटाची नव्याने बांधणी ठरली. पण त्याआधीचे दोन हंगाम हे दोघेच पॅक-१२ होते. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी कॉर्व्हॅलिसला ते एकमेकांशी खेळले. ओरेगन स्टेटने तो सामना ४१-३८ असा जिंकला. पुढच्या वर्षी ते एकमेकांशी दोनदा खेळले, एकदा कॉर्व्हॅलिसला आणि एकदा पुलमनला.