हसऱ्या मित्राला खारघरला कोण नेणार?

चौकच्या नाक्यावर एखाद्याला कॅन्सर झाल्याचे कळले की आठ-दहा दिवस लोक दबक्या आवाजात बोलतात. मग तोच माणूस केमोचा पहिला डोस घेऊन, डोक्याला रुमाल बांधून चहाला येऊन बसतो, दोन विनोद करतो आणि सगळ्यांचा सूर बदलतो. ‘काय हिंमत आहे गड्याची!’ हे कौतुक अगदी मनापासूनचे असते. त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते, ‘असाच हसत राहा, कॅन्सर आपोआप पळेल.’ या दुसऱ्या वाक्याकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे.

मन खंबीर असले की कॅन्सरची गाठ हटते का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी तपासून पाहिला आहे. अमेरिकेतील जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंड, घसा आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. उपचारांच्या सुरुवातीला या रुग्णांची मनःस्थिती प्रश्नावलीने नोंदवली होती. अभ्यास संपेपर्यंत त्यातले ६४६ जण दगावले. आनंदी रुग्ण जास्त जगले आणि खचलेले लवकर गेले, असे काही दिसले नाही. मनःस्थितीचा आयुष्याच्या लांबीशी संबंध सापडलाच नाही.

निराश व्हावे असे यात काही नाही. उलट रुग्णाच्या डोक्यावरचे एक ओझे उतरते. रात्री रडू आले, चिडचिड झाली, कुणाशी बोलावेसे वाटले नाही, म्हणून त्याचा आजार वाढत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी आयुष्यभर कॅन्सरच्या रुग्णांच्या मनाचा अभ्यास केला. ‘सकारात्मक राहा’ या सततच्या आग्रहाला त्या जुलूम म्हणत. आजाराशी झुंजायचे आणि वर लोकांसाठी हसायचेही, ही दुहेरी मजुरी झाली.

अभिनेते अतुल परचुरे हे महाराष्ट्राच्या ओळखीचे, हसवणारे माणूस. यकृताच्या कॅन्सरनंतर ते मुलाखतींतून मोकळेपणाने बोलले. सोनोग्राफी करताना डॉक्टरांच्या डोळ्यांतली भीती आपल्याला दिसली, हे त्यांनी सांगितले. नीट चालता येत नव्हते, बोलताना अडखळायला होत होते, हेही लपवले नाही. तरी ते पुन्हा नाटकाच्या तयारीला लागले होते. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांची हिंमत कमी पडली, असे कोण म्हणेल? पण ‘हसाल तर जगाल’ हे सूत्र खरे धरले, तर प्रत्येक मृत्यूनंतर नकळत तोच आरोप होतो.

मग मित्रांच्या हाती काहीच नाही का? आहे, आणि त्याचा पुरावा चांगला भक्कम आहे. अयाल आयझर यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ७ लाख ३४ हजारांहून अधिक कॅन्सर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. विवाहित रुग्णांचा कॅन्सरने मृत्यू होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे २० टक्के कमी निघाला. त्यांचे निदान लवकर झाले होते आणि योग्य ते उपचार अधिक प्रमाणात मिळाले होते. ‘जरा दाखवून ये’ म्हणून मागे लागणारे, तारीख लक्षात ठेवणारे, सोबत जाणारे कुणीतरी घरात होते, असा याचा अर्थ लावला जातो. हे काम करायला लग्नाचेच नाते लागते असे थोडेच आहे?

चौकच्या माणसासाठी हे काम म्हणजे खारघरच्या फेऱ्या. तिथे टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक आहे. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन लागले तर ते बहुधा आठवड्याचे पाच दिवस, असे सहा-सात आठवडे चालते. म्हणजे तीसहून अधिक फेऱ्या, पनवेलच्या गर्दीतून, तोंड सोललेले असताना. मधले दिवस चुकले तर उपचाराचा प्रभाव कमी होतो, कारण त्या काळात उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. अशा वेळी आठवड्यातून एक दिवस गाडी काढणारे पाच मित्र मिळाले, तर त्यांची मदत कितीही धीराच्या शब्दांपेक्षा मोठी. मऊ भात किंवा पेज डब्यात भरून नेणारा सहावा. आणि केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठणारा सातवा. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साधा वाटणारा संसर्गही जिवावर बेततो.

सोबत जाताना बोलायचे काय, याची फार चिंता नको. तो हसला तर हसावे, गप्प बसला तर खिडकीबाहेर इर्शाळगड बघावा.

राहता राहिली नाक्यावरची टपरी. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुड्या कुठे आणि कशा मिळतात हे सगळ्यांना माहीत असते. मित्राच्या हिमतीचे कौतुक करणाऱ्यांपैकी कितीजणांच्या गालात त्या क्षणी सुपारी असते, हे त्यांनीच मोजावे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, लाल-पांढरा चट्टा दिसत असेल किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर पुढचा चहा नंतर. आधी चौकच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तोंड दाखवावे. मित्राला सोबत न्यायला हरकत नाही, त्याला आता या वाटा पाठ झाल्या आहेत.