आधी थुंकी तपासा

क्षय झाला की सॅनेटोरियम, ही शंभर वर्षांपूर्वीची रीत. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी. आपल्याकडे मिरजेचं नाव त्यासाठी घेतलं जाई, आंध्रात मदनपल्लीचं. खाटा मूठभर आणि रुग्ण लाखोंनी, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

मद्रासला १९५६ साली वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीचीच परीक्षा घेतली. फुप्फुसाचा क्षय झालेल्या १९३ गरीब रुग्णांपैकी कोणी सॅनेटोरियममध्ये जायचं आणि कोणी घरीच राहायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. औषधं दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. घरी राहिलेल्यांना दाटीवाटीची खोली, अपुरं जेवण आणि बऱ्याच जणांना कामधंदाही. त्यांचं वजन सॅनेटोरियमवाल्यांइतकं वाढलं नाही. तरी वर्षअखेरीस रोग आटोक्यात आलेले सॅनेटोरियममध्ये शंभरात ९२, तर घरी ८६. घरच्या माणसांना जास्त लागण झाली म्हणावं, तर तसंही आढळलं नाही. बरं करत होती ती गोळी, हवा नव्हे. ती पोटात जाते का, हे पाहायला कर्मचारी न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजत आणि लघवी तपासत.

यावरून ‘खाण्याला महत्त्व नाही’ असा अर्थ काढणारेही निघाले. तो चुकीचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधल्या अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं.

मला मात्र मद्रासपेक्षा कर्नाटकातलं तुमकूर अधिक अस्वस्थ करतं. तिथल्या खेड्यांत बॅनर्जी आणि अँडरसन या संशोधकांनी क्षयरोग्यांना गाठून विचारलं (निष्कर्ष १९६३ साली आले). अडाणी रुग्ण लक्षणं ओळखत नाही, दवाखान्यात येत नाही, हा सरकारी समज. प्रत्यक्षात बहुतेकांना आपल्याला काहीतरी झालंय हे कळत होतं आणि जवळपास निम्मे दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथून ते खोकल्याची बाटली घेऊन परतले. थुंकी कोणी तपासलीच नव्हती!

आज साधनांची सबब उरलेली नाही. सूक्ष्मदर्शकाला मिलिलिटरमध्ये काही हजार जंतू असल्याशिवाय ते दिसत नाहीत; जनुकीय चाचणीला त्याहून बरेच कमी पुरतात. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट हे अशा चाचणीचं यंत्र बॅटरीवर चालतं. जंतू आहेत का आणि ते रिफॅम्पिसिन या औषधाला दाद देतील का, हे काही तासांत कळतं. एक्स-रे संशय दाखवतो, पुरावा नव्हे. रक्तातली अँटिबॉडी तपासून क्षय ठरवण्यावर तर २०१२ पासून बंदी आहे.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. काही आठवड्यांतच खोकला थांबतो, भूक लागते आणि नेमक्या याच वेळी गोळ्या सुटतात. लघवी केशरी झाली तर घाबरू नये, तो रिफॅम्पिसिनचा रंग. डोळे पिवळे झाले किंवा नजर धूसर झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर सरकारी केंद्रात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. डॉक्टरने नुसतं सिरप लिहून दिलं, तर थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्या.